सहावा खांब

भिकाजी मेस्त्रींच्या तोंडून तारीख काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी स्वतः दीड वर्ष प्रयत्न केला, आणि मला पगारच त्या कामाचा मिळत होता.

"मेस्त्री, खिडक्या कधी होणार?"

"रंधो मारून झालो. जोडणी रवली हा. मगे पॉलिश."

"ते कळलं. पण कधी?"

"ताच सांगतंय मां. जोडणी रवली हा."

मग मी ऑफिसात येऊन अहवालात 'साठ टक्के' असं लिहायचो. पुढच्या आठवड्यात पुन्हा साठ टक्के. आमचे मॅनेजर केरळचे, फार शांत गृहस्थ. त्यांनी एकदा मला विचारलं की ह्या खिडक्या साठ टक्क्यांवरच जन्माला आल्या होत्या का. मी हसलो, पण माझं डोकं उठलं होतं.

मस्कतजवळ रुसैलच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. मी ठाण्याचा, प्रोजेक्ट इंजिनिअर. मेस्त्री कुडाळकडच्या एका खेड्यातले, ओमानात बावीस वर्षं काढलेले, वर्कशॉपमधले सगळ्यात जुने सुतार. अंगाने किरकोळ. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. ती सुतळी मात्र अशी बेमालूम वळलेली की लांबून काडीच वाटायची. नवीन चष्मा कंपनी देत होती, तो घेतला नाही. बोलणं पक्कं मालवणी, समोर कोणीही असो. पेशावरचा गुलजमान आणि बांगलादेशचा शफीक हे त्यांच्या हाताखालचे दोघे मालवणी समजायला लागले होते, पण मेस्त्रींना त्यांची हिंदी आली नाही. मालकाशी बोलताना तेवढी ते हिंदी काढायचे, तीही मालवणीच असायची.

टेप त्यांनी कधी वापरला नाही. प्रत्येक कामाला बांबूची एक पट्टी तासायची आणि तिच्यावर पटाशीने खुणा करायच्या. दाराची उंची, चौकटीची जाडी, सगळं त्या एका पट्टीवर. मी कॉम्प्युटरवर मिलिमीटरपर्यंत काढलेलं ड्रॉइंग दिलं की ते एकदा सगळं पाहायचे, "बरा काढल्यात" म्हणायचे, चार घड्या घालून खिशात ठेवायचे आणि पुन्हा उघडायचे नाहीत. एकदा पट्टीवरचं माप आणि माझ्या ड्रॉइंगमधलं माप जुळेना. मी तावातावाने साइटवर गेलो. भिंत मोजली. चूक माझी होती. मेस्त्री पट्टी उचलून पुन्हा कामाला लागले, आणि ह्याचा मला जास्त राग आला.

आता त्या घराबद्दल सांगायला हवं. मेस्त्रींना त्या घराशिवाय आठवणं मला जमत नाही, आणि त्या घराने माझे केस पांढरे केले हेही खरं आहे.

अर्बाब म्हणजे मालक. इकडे प्रत्येकाचा एक अर्बाब असतो. आमच्या ह्या कामाचे अर्बाब म्हणजे सत्तरीचे एक ओमानी गृहस्थ, अंगात पांढरीशुभ्र दिशदाशा म्हणजे पायघोळ झगा, हातात काठी, बोलणं हळू. तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले असताना ते एका प्रोफेसरांच्या घरी दोन हिवाळे राहिले होते. घर तलावाकाठी होतं, शंभर वर्षांपूर्वीचं. खिडकीतल्या बाकावर बसलं की पाणी दिसायचं, आणि त्या बाकावर बसून आपण आयुष्यातली पहिली सुखाची झोप घेतली असं ते सांगायचे. पुढे प्रोफेसर गेले, घर ओस पडलं, जागा हॉटेलवाल्याने घेतली. हे अर्बाबच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी त्या घराचं होतं नव्हतं ते सगळं लाकूड विकत घेतलं. दिवाणखान्याच्या भिंतींवरच्या लाकडी फळ्या, जिना, दारं, खिडक्यांतले बाक आणि ओकचे सहा खांब. दोन कंटेनर भरून ते ओमानात आलं. मस्कतपासून दोन तासांवर डोंगरात एका धरणाचा तलाव आहे. त्याच्या काठी, जिथे बकऱ्या आणि दगड सोडून काही नव्हतं, तिथे अर्बाबना तो दिवाणखाना पुन्हा उभा करून हवा होता. जसा होता तसा.

घर ज्या पद्धतीचं होतं तिला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात. मी नेटवर वाचलं आणि कामाला सुरुवात करण्याआधी मेस्त्रींना समजावून सांगितलं. यंत्रांचे कारखाने वाढले तेव्हा तिथले काही लोक वैतागले, म्हणाले घर हाताने बांधायचं, सांधा लपवायचा नाही, लाकडाला लाकूड राहू द्यायचं. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"मगे आमी काय करतंव इतकी वर्सा?" ते म्हणाले. "आणि ह्येका नाव कित्याक व्हया?"

कंटेनर उघडले त्या दिवशी मी नेमका इब्रीच्या दुसऱ्या कामावर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपला आलो तर मेस्त्री आणि शफीक लाकडावरच्या चिठ्ठ्या सोलत बसले होते. इंग्लंडमध्ये घर उतरवताना प्रत्येक तुकड्यावर नंबराची चिकटपट्टी लावली होती. चारशेच्या वर चिठ्ठ्या. कुठला तुकडा कुठे जातो ह्याचा तोच एक पुरावा. मेस्त्रींनी चारातले तीन भाग सोलून बिस्किटांच्या डब्यात भरले होते.

मी एक डबा उघडून पाहिला. "मेस्त्री, हे काय केलंत?"

"गोंद लाकडाक खाता."

"अहो, पण नंबर गेले."

"नंबर कशाक? लाकूड काय गर्दीत चुकलेला पोर हा?"

पुढचे तीन आठवडे त्यांनी वर्कशॉपची अर्धी जमीन रिकामी करून घेतली आणि त्या फळ्या रेषेला रेषा लावून जुळवत बसले. इतर कामं बंद. मॅनेजरांना मी काय काय थापा मारल्या ते मला आता आठवतही नाही. शेवटी जमिनीवर अख्खी भिंत आडवी तयार झाली. उतरवण्याआधीच्या फोटोंशी मी एक एक फळी ताडून पाहिली. सगळ्या बरोबर. वर मेस्त्रींनी मला दोन जागा दाखवल्या, जिथे इंग्लंडच्या लोकांनीच नंबर चुकीचे लावले होते. मी त्यांना शाबासकी द्यायला हवी होती. मी म्हणालो, "तीन आठवडे गेले."

ओक त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी रंध्याची एक ढलपी तोंडात टाकून चावली. "तुरट. हिरड्यासारखा," म्हणाले, आणि गुलजमानला ताकीद दिली की ह्याला लोखंडी खिळा लागता कामा नये, काळं पडेल. मार्गारेटबाईंनी पुढे हीच गोष्ट दोन पानी ईमेलमध्ये कळवली.

मार्गारेटबाई ह्या अर्बाबनी नेमलेल्या जुन्या घरांच्या तज्ज्ञ. तीनदा येऊन गेल्या, एरवी स्काइपवर. बाई कामाला चोख होत्या, वाईट बोलायला जागा नाही. त्यांनी त्या घराचा इतिहास लिहून पुस्तिका केली होती. कापसाच्या कोणा व्यापाऱ्याने घर बांधलं, आर्किटेक्ट कोण, कोण कोण पाहुणे चहाला आले, कुठली खोली कधी वाढवली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मेस्त्री मला ती मराठीत सांगायला लावायचे. समुद्रकाठच्या सहमहून त्यांचा एक गाववाला तारली मासे आणून द्यायचा, त्या तारल्यांचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, आणि भात पुढ्यात घेऊन ते इतिहास ऐकायचे आणि मध्ये मध्ये तो दुरुस्त करायचे.

"हय कुत्रो होतो," एका दाराच्या खालच्या अंगावरचे ओरखडे दाखवून ते म्हणाले. "मोठो. तेका आत घेईत नसत."

पुस्तिकेत कुत्र्याचा उल्लेख नव्हता. मग जिन्याच्या कठड्यावर हात फिरवून त्यांनी सांगितलं की कोणीतरी एका पायाने अधू माणूस ह्यावरून वर्षानुवर्षं उतरला आहे, भार सगळा डाव्या हातावर. खिडकीतल्या बाकाचं लाकूड उन्हाने उडालेलं, पण एका टोकाला ताटाएवढा भाग गडद राहिलेला. "हय रोज कोणतरी येकटा बसा." हे मी अर्बाबना सांगितलं. ते म्हणाले की प्रोफेसरांची बायको तिथे बसायची. मुलगा युद्धात गेल्यापासून.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. मला त्या वेळी छान वाटत नव्हतं. मला दिसत होतं की माणूस तासन् तास एका बाकावर हात फिरवत बसला आहे आणि माझ्या अहवालात जिना अजून चाळीस टक्के आहे.

त्याच सुमारास मेस्त्रींना साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीनंतर व्हिसा वाढवायचा नाही असा आमच्या कंपनीचा नियम होता. एरवी मी त्यांच्या बाकापाशी जायचो. त्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले आणि न सांगता खुर्चीत बसले. हे आधी कधी झालं नव्हतं.

"सायबा, बावीस वर्सा हय पुठ्ठो कापलंय," ते म्हणाले. पुठ्ठा म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळ्या, ज्यांची आम्ही मॉलमधली काउंटरं आणि किचनची कपाटं करायचो. "लाकडाक हात लागलो तो आता. ह्या घर पुरा करून जातंय. मगे माका काय नको."

मी मॅनेजरांकडे गेलो. वर पार मोठ्या साहेबांपर्यंत गेलो. दोन महिन्यांची मुदत मिळाली, ती अशा अटीवर की तेवढ्यात सहाही खांब आणि जिना उभा राहील. त्यानंतर एक दिवसही नाही. मी माझा शब्द दिला. मेस्त्रींना येऊन सांगितलं, अट दोनदा सांगितली. ते म्हणाले, "होतला." मला वाटलं, आता तरी हा माणूस घाई करील.

मेस्त्री आणि हाताखालचे दोघं साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये राहायला गेले. पहिले पाच खांब पाच आठवड्यांत उभे राहिले. ओळंबा लावून पाहावं तर दोरा हलत नव्हता. मी खूश होऊन सहाव्यासाठी क्रेन बोलावली आणि साइटवर पोचलो. क्रेन उभी, ड्रायव्हर खाली बसून करक चहा पितोय, आणि सहावा खांब जमिनीवर एका लोखंडी पाइपावर आडवा, तराजूच्या दांडीसारखा. मेस्त्री त्याच्या मध्यावर बोट ठेवून उकिडवे बसले होते.

"हो उलटो हा," ते म्हणाले.

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे शेंडो खाली, बूड वर. हो थय तसोच उबो होतो, डोक्यार."

कोकणात हा नियम आहे असं नंतर मला इतरांनीही सांगितलं. झाड रानात जसं उभं होतं तसाच खांब घरात उभा करायचा, बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. चौकोनी तासलेल्या खांबात कुठलं टोक कुठलं हे माझ्यासारख्याला सात जन्मांत कळणार नाही. मेस्त्री गाठींच्या कलावरून ओळखायचे, आणि शंका असली तर पाइपावर तोलून; बुंध्याकडची बाजू जड भरते.

"उलटा लावला तर काय होतं, मेस्त्री?"

"होवचा काय? तुमका कोणी डोक्यार उबो केल्यान तर तुमी काय करश्यात?"

"मी ओरडेन."

"ताका ओरडूक येयत नाय."

त्यांचं म्हणणं, खांब सुलटा करायचा, तुळया बसायच्या खाचा नव्याने कोरायच्या. मार्गारेटबाईंना स्काइपवर हे सांगितलं तर त्या खुर्चीतच उडाल्या. घर जसं सापडलं तसंच उभं करायचं, हे त्यांचं सगळ्यात पहिलं तत्त्व. शंभर वर्षांच्या लाकडात नवी खाच म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाप. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. मी मध्ये. एका बाजूला इंग्लंडचं तत्त्व, दुसऱ्या बाजूला कुडाळचं, आणि क्रेनचं भाडं तासावर.

अर्बाब आले. त्यांनी दोन्ही बाजू नीट ऐकल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "मेस्त्री, मेरे को जैसा था वैसा चाहिए. मैं उस खंबे को टेक के बैठता था."

"अर्बाब, तुम बैठा, पण खंबा उलटा था," मेस्त्री म्हणाले. "हम नाय करेगा. दुसरा कुछ भी बोलो."

"तुम बहुत मुश्किल आदमी है," अर्बाब म्हणाले, आणि गाडीत बसून गेले.

मग तीन आठवडे काही हललं नाही. जिना त्या खांबाला येऊन टेकणार होता, त्यामुळे खांब नाही तर जिनाही नाही. खांब कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली पडून. मेस्त्री दारं साफ करत बसायचे आणि तो खांब पहिल्यांदा ज्याने उभा केला त्या इंग्लंडच्या सुताराला शिव्या घालायचे. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, नाव कोणाला माहीत नाही. मेस्त्री त्याला आंधळा म्हणाले, दारुडा म्हणाले. ह्याला कामावर ठेवणाऱ्याने झाडाचं तोंड पाहिलं नव्हतं म्हणाले. शफीक मला गंभीरपणे विचारायचा, "साब, वो कौन है? मस्कत में रहता है?"

मी समजावलं, विनवलं, आणि एक दिवस सगळ्यांदेखत ओरडलो. म्हणालो, तुमच्यासाठी मी शब्द दिला, तुमच्या हट्टापायी माझी मान खाली गेली. तुम्हालाच हे घर पूर्ण करायचं होतं ना? तुमचे दिवस तुम्हीच जाळताय.

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "मान खाली गेली ती वर येतली. खांब येकदा उबो केलो की शंबर वर्सा तसोच."

मी गाडीत जाऊन एसी लावून बसलो. मला त्यांचा राग येत होता, आणि ते गेले तर ह्या घराचं काय होईल ह्याची भीतीही वाटत होती. मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा मॅनेजरांनी तिकीट काढलं. खांब आणि जिना गुलजमान करील असं ठरलं. मी मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. घर पूर्ण होणार नाही हे त्यांना कळलं होतं, माझ्याही आधी बहुतेक.

"निदान खांब साफ तरी करून द्या," मी म्हणालो. "साफ करायला उलट-सुलट लागत नाही."

हे त्यांना पटलं. ताडपत्री काढून ते त्या खांबाला बसले. शंभर वर्षांचं मेण आणि पॉलिश त्याच्यावर चढलं होतं, ते चिंधीने, टर्पेंटाइनने, थर थर करून उतरवत. पाच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मेस्त्री स्वतःहून फोन कधी करत नसत.

"सायबा, हय येवा."

मी गेलो. खांब आडवा, स्वच्छ, मधाच्या रंगाचा. मेस्त्रींनी माझा हात धरून त्याच्यावर एका जागी ठेवला. "काय लागता?"

काही लागत नव्हतं. गुळगुळीत लाकूड. मग त्यांनी त्याच जागी ओलं फडकं फिरवलं आणि लाकूड भिजल्यावर मला एक चौकोन दिसला. केसाएवढ्या रेषेचा. खाच होती, ती कोणीतरी बुजवली होती, आणि बुजवताना आतला तुकडा असा निवडला होता की खांबाच्या रेषा त्याच्यावरून सरळ पुढे जात होत्या. अशा चार खाचा. आणि एका टोकाला वीतभर लाकूड वेगळं जोडलेलं, तेही तसंच.

"हो पैलो सुलटोच होतो," मेस्त्री म्हणाले. "बूड खाली. ह्यो तेच्यो जुन्यो खाचो."

मग त्यांनी मला बाकीच्या पाच खांबांपाशी नेलं. पाचही खांबांवर खाली, पोटरीच्या उंचीवर, एक काळपट पट्टा होता. मी तो रोज पाहत होतो. सहाव्यावर तसाच पट्टा होता, पण वर, छताकडच्या टोकाला. पुस्तिकेत लिहिलं होतं की तिथे छप्पर गळत होतं.

"छप्पर नाय. तळ्याचा पाणी घरात इला. सगळे खांब भिजले. हो कोपऱ्यातलो, पाण्याच्या तोंडार. ह्येचा बूड कुसला." त्यांनी जोडलेल्या तुकड्यावर बोट आपटलं. "कुसला तितक्या कापल्यान, खांब फिरवल्यान, बरा टोक खाली घेतल्यान. आकूड पडला ता वर जोडल्यान, छताच्या आडोश्याक."

"नवा खांब का नाही घातला?"

"गावलो नसतलो. नायतर घाय असतली. पावणे येवचे असतले." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारखो कोणतरी सायब असतलो."

ते पुन्हा खांबापाशी जाऊन बसले आणि त्या बुजवलेल्या खाचेवर अंगठा फिरवत राहिले. "तीन आठवडे मी ह्येका गाळी घालतंय. आणि ह्येचो हात बगा. माका असा जमाचा नाय, सायबा. असो हात असलेलो मेस्त्री खांब चुकान उलटो करीत? तेका ठावक होता. जाणून केल्यान." मग म्हणाले, "लाजलो तो. म्हणान इतक्या लपयल्यान. कोणाक दिसूक नये म्हणान."

त्यांचे डोळे भरले होते. साठ वर्षांच्या त्या हेकट माणसाला मी पहिल्यांदाच असं पाहत होतो. मी दुसरीकडे पाहिलं.

खाचांचे आणि पट्ट्यांचे फोटो मी मार्गारेटबाईंना पाठवले. त्यांनी आधी आणखी फोटो मागवले, मग कबूल केलं. आता त्या घरात पाहुण्यांसाठी जी पुस्तिका ठेवली आहे तिच्यात एक वाक्य जादा आहे, तलावाचं पाणी एकदा घरात शिरलं होतं असं.

मेस्त्रींचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. मी मॅनेजरांना फोन करून चार दिवस मागितले. नाही म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण व्हिसा संपत होता आणि तिथे कोणाचं चालत नाही. मेस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "सकाळ आसा मां? खांब मी उबो करतंय."

"सुलटा?"

"आसा तसो. तेचा काम मी मोडूचंय नाय."

सकाळी सातला आम्ही सगळे होतो. अर्बाबही आले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. खांब चेन-ब्लॉकवर हळूहळू उभा राहिला. मेस्त्री एका हाताने ओळंबा धरून, दुसऱ्या हाताने गुलजमानला खुणा करत, पाचर जराशी आत, जराशी बाहेर. दोन तास लागले. मी एकदाही किती वेळ म्हणून विचारलं नाही. तुळया आपापल्या खाचांत बसल्या, त्याच खाचांत, ज्या इंग्लंडच्या त्या मेस्त्रीने कोरल्या होत्या. अर्बाबनी जवळ जाऊन खांबाला तळवा लावला.

बाहेर विमानतळावर न्यायला पिकअप उभी होती. मेस्त्रींनी हात धुतले, चपला काढल्या आणि खांबासमोर येऊन उभे राहिले. शफीक आणि गुलजमानला म्हणाले, "मी थांबलंय की 'व्हय म्हाराजा' म्हणाचा." मला कळलं की ते गाऱ्हाणं घालणार आहेत. कोकणात देवापुढे काही मागायचं किंवा कबूल करायचं असलं की गावातला जाणता माणूस असं उभा राहून बोलतो आणि बाकीचे हुंकार भरतात.

"बा देवा म्हाराजा," मेस्त्रींनी हात जोडून सुरुवात केली. "हय तुजी जागा, तुजा नाव माका ठावक नाय. ह्या झाड खयच्या रानातला, ता पण ठावक नाय. ते रानाचो जो कोण राखणदार आसात, ह्या तळ्याचो जो कोण आसात, तेच्या पायाकडे ह्या गाऱ्हाणा."

"व्हय म्हाराजा," गुलजमान म्हणाला. शफीक म्हणाला, "होय मोहाराज."

"येका मेस्त्रीन ह्या झाड उलटा उबा केल्यान. तेका दुसरो मार्ग नाय होतो. तेची चूक पदरात घी. मी तेका गाळी दिलंय, ती माजी चूक. ती पण पदरात घी."

"व्हय म्हाराजा."

अर्बाबनी मला हळूच विचारलं, "क्या बोलता है?"

"माफी मांगता है."

"किस से?"

"पेड से," मी म्हणालो. अर्बाबनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि सरळ उभे राहिले.

"आज मी पण ताच केलंय," मेस्त्री म्हणत होते. "माका मार्ग होतो, तरी केलंय. तेचा काम मोडूक माजो हात धजाक नाय. ता पण पदरात घी."

"व्हय म्हाराजा."

मग ते थांबले. पाच खांब, सहावा खांब, भिंतीला लावून ठेवलेल्या जिन्याच्या पायऱ्या, अजून न बसवलेली दारं, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली. आवाज किंचित खाली आला.

"ह्या घर माज्याकडना पुरा झाला नाय. जिनो रवलो, दारा रवली. ता जे कोण पुरा करतले तेंचो हात सरळ ठेव. तेंका लाकूड बरा दी. आणि तेंच्या नशिबात घाय करणारो सायब घालू नको."

शफीक आणि गुलजमान माझ्याकडे बघायला लागले. दोघांनाही सगळं समजलं होतं, आणि दोघंही गप्प. मेस्त्री हात जोडून, डोळे मिटून तसेच उभे होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

मेस्त्रींनी डोळे उघडले, चपला घातल्या आणि जाऊन पिकअपमध्ये बसले.